आमदारबाईंचा मेल, दादांची रायफल आणि शेअर्सचा नफा

प्रश्न: आम्ही वॉशिंग्टन राज्यात, बॉथेलला राहतो. मी आणि बायको ग्रीन कार्डवर, मुलं इथेच जन्मलेली. मे २०२५ च्या शेवटी आमच्या मतदारसंघाच्या राज्य प्रतिनिधींचा, म्हणजे आपल्या भाषेत आमदारबाईंचा, मेल आला होता. अधिवेशनात काय काय झालं त्याची माहिती होती. भांडवली नफ्यावरचा कर ९.९ टक्के, तोही १ जानेवारी २०२५ पासून. बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर. बंदूक घ्यायला मे २०२७ पासून परमिट. मी मार्चमध्ये घराच्या डाऊन पेमेंटसाठी कंपनीचे शेअर्स विकलेत. त्यातच ऑफिसमधले आमचे दादा फेब्रुवारीत ॲरिझोनाला कायमचे चाललेत. त्यांची २०१८ सालची एआर-१५ रायफल आणि तीस गोळ्यांची दोन मॅगझिन्स ते मला भेट देतो म्हणतात. परमिट आणि कर लागायच्या आत घेऊन टाकू का? भेट नको असेल तर तिथे घर मिळेपर्यंत आमच्या गॅरेजमध्ये ठेवतील. मी आणि माझा मेहुणा (तो एच-१बीवर आहे) महिन्यातून एकदा दादांबरोबर शूटिंग रेंजवर जातो. आणखी एक, मला इथे मत नाही. तरी बाईंना उत्तर लिहिलं तर चालतं का?

उत्तर: आधी दादांना फोन करा आणि रायफल आणू नका म्हणून सांगा. बाकीचं उत्तर मग सावकाश वाचा.

तुम्ही पाठवलेला मेल मी छापून घेतला आणि पेन्सिल घेऊन ओळीओळीपुढे खूण केली. भांडवली नफा: झालं, सही झाली. परमिट: झालं, पण लागू २०२७. काडतुसांवरचा ११ टक्के: झालंच नाही. बाईंनी खोटं काही लिहिलेलं नाही. 'मी या विधेयकाला पाठिंबा दिला' एवढंच त्यांचं वाक्य आहे. 'कर लागला' हे तुम्ही वाचलंत. लोकप्रतिनिधीच्या पत्रात मांडलेलं, मंजूर झालेलं आणि अमलात आलेलं एकाच दमात येतं. आपल्याकडच्या आमदारांच्या कार्य अहवालात मंजूर झालेला रस्ता आणि झालेला रस्ता शेजारीशेजारी छापतात, तसंच. विधेयकाचा नंबर विधिमंडळाच्या साइटवर टाकला की त्याचा सगळा प्रवास दिसतो. १००० च्या पुढचे नंबर प्रतिनिधीगृहाचे, ५००० च्या पुढचे सिनेटचे. 'लागू होण्याची तारीख' ही ओळ सापडली नाही तर तो कायदा नाही, असं धरून चाला.

आता रायफल. तुम्ही परमिटच्या तारखेकडे बघत बसलात आणि दोन वर्षांपूर्वीचा कायदा नजरेतून सुटला. त्या मेलमध्ये तो नव्हता, कारण ती बातमी जुनी झाली होती. २५ एप्रिल २०२३ रोजी गव्हर्नर इन्स्ली यांनी विधेयक १२४० वर सही केली आणि ते त्याच दिवशी लागू झालं. साठाहून अधिक मॉडेलांची नावं त्यात आहेत, एआर-१५ त्यातलंच. अशा बंदुका राज्यात बनवणं, बाहेरून आणणं, विकणं आणि 'वाटणं' बंद झालं. 'वाटणं' या शब्दाची व्याख्या कायद्यात दिलेली आहे: दुसऱ्याला देणं, पुरवणं, हाती सोपवणं, मोबदला घेऊन किंवा न घेता. म्हणजे तुमची भेट. दादांकडे ती २०१८ पासून आहे, ती त्यांनी बाळगण्यात काही चूक नाही. त्यांनी ती सोबत ॲरिझोनाला न्यावी, तिथले नियम बघून ठेवावी किंवा विकावी. इथे ती तुमच्या हातात आली की गुन्हा. मालक वारला आणि वारसाहक्काने आली तर अपवाद आहे, पण दादांना उदंड आयुष्य लाभो.

मॅगझिन्सचं तर त्याहून जुनं आहे. दहापेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिन्स विकायला, वाटायला १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. तिला आव्हान मिळालं होतं, मध्ये एका खालच्या कोर्टाने ती घटनाबाह्यही ठरवली होती. ८ मे २०२५ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी बंदी कायम केली. तेव्हा 'कोर्टात उडालंय ते' असं रेंजवर कुणी सांगितलं तर ती अर्धीच बातमी आहे.

राहिला गॅरेजचा पर्याय. हा मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो अगदी साधा वाटतो. शेजाऱ्याची बॅग ठेवून घेतो तसं. २०१४ साली लोकांनी मतदानाने आणलेल्या उपक्रम ५९४ नुसार या राज्यात कुठलीही बंदूक एकाकडून दुसऱ्याकडे जाताना परवानाधारक दुकानदारामार्फत, पार्श्वभूमी तपासूनच जावी लागते. भेट आणि उसनी देणं दोन्ही त्यात मोडतं. नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं अशा जवळच्या नात्यातल्या भेटीला सूट आहे. दादा तुमचे सख्खे भाऊ नाहीत, आणि असते तरी १२४० ची बंदी नात्याला ओळखत नाही. रायफलीची पेटी तुमच्या कपाटामागे ठेवून ते विमानात बसले की हस्तांतरण झालं. कुलूप लावलं, किल्ली त्यांच्याकडे, हा युक्तिवाद मी करू शकेन; पण तो मला करावा लागू नये.

इथली शिक्षा ऐकून लोक खांदे उडवतात. कमाल ३६४ दिवस कैद, ५,००० डॉलर दंड. पहिल्याच गुन्ह्यात कोर्ट बहुधा नरम असतं, आणि १२४० चा मुख्य भार देणाऱ्यावर आहे, घेणारा सहभागी म्हणून ओढला जातो. नागरिकाच्या बाबतीत गोष्ट इथे संपते. तुमची इथे सुरू होते. केंद्राच्या इमिग्रेशन कायद्यात एक कलम आहे: देशात प्रवेश मिळाल्यानंतर कधीही, बंदूक विकत घेणं, विकणं, बाळगणं, जवळ ठेवणं याविषयीच्या कुठल्याही कायद्याखाली दोषी ठरलेला परदेशी नागरिक हद्दपारीला पात्र ठरतो. गुन्हा मोठा की छोटा, हे कलम विचारत नाही. पंधरा वर्षांचं ग्रीन कार्ड असलं तरी नाही. शिवाय 'दोषी' याचा तिथला अर्थ आपल्या समजुतीपेक्षा रुंद आहे. गुन्हा कबूल केला, न्यायाधीशांनी काही अटी घातल्या आणि निकाल पुढे ढकलून वर्षभराने केस मिटवली, तरी इमिग्रेशनच्या लेखी तुम्ही दोषीच. फौजदारी वकील 'चांगली तडजोड मिळाली' म्हणून पाठ थोपटतो आणि पुढच्या वेळी एअरपोर्टवर परत येताना माणूस बाजूच्या खोलीत बसवला जातो. म्हणून बंदुकीचा नियम वाचताना 'दंड किती' हा प्रश्न तुमच्या उपयोगाचा नाही.

तुम्हाला बंदूक घेताच येत नाही असं मात्र नाही. ग्रीन कार्डधारक कायदेशीरपणे घेऊ शकतो: यादीत नसलेली, दुकानातून, फॉर्म भरून. १ जानेवारी २०२४ पासून गेल्या पाच वर्षांतलं सुरक्षा प्रशिक्षण लागतं आणि कामकाजाचे दहा दिवस थांबावं लागतं. मे २०२७ पासून त्याआधी राज्य पोलिसांचं परमिट, बोटांचे ठसे आणि प्रत्यक्ष गोळीबाराचं प्रशिक्षण. घरात मुलं आहेत, तेव्हा कुलपाची पेटी आधी घ्या. मुलाच्या हाती बंदूक लागून काही घडलं तर २०१८ च्या उपक्रम १६३९ नुसार मालकावर गुन्हा आहे. आणि दुकानातल्या फॉर्मवर गांजाचा प्रश्न असतो. वॉशिंग्टनमध्ये गांजा दुकानात मिळतो, केंद्राच्या कायद्यात तो अजूनही गुन्हा आहे. तुम्ही घेता असं मी म्हणत नाही. प्रश्न असतो एवढंच.

मेहुण्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण तुमच्या पत्रातली सर्वात तातडीची ओळ तीच आहे. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा केंद्राच्या कायद्याने मोठा गुन्हा आहे. वैध शिकारीचा परवाना असला तर सूट मिळते, आणि वॉशिंग्टन राज्याची परदेशी नागरिकांसाठीची परवान्याची अट वेगळीच आहे. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक तासभर हातात धरणं म्हणजेही बाळगणं. हामिद रेहैफ यांची केस वाचा: विद्यार्थी व्हिसावर फ्लोरिडात आलेले, विद्यापीठाने नाव कमी केल्यावर रेंजवर जाऊन नेम धरला, आणि प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१९ साली न्यायालय म्हणालं, आपण कुठल्या वर्गात मोडतो हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं. मेहुण्याला आपला व्हिसा एच-१बी आहे हे ठाऊक आहे, त्यामुळे या निकालाचा त्याला फारसा आडोसा नाही. पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं बोलिंगला जा. आतापर्यंतच्या फेऱ्यांबद्दल त्याने कुणालाही काही लिहिण्याआधी, व्हॉट्सॲपवरचे फोटो पुसण्याच्याही आधी, इमिग्रेशन वकिलाला भेटावं. पुसू नकोस म्हणून त्याला आजच सांगा.

आता कर, म्हणजे त्यातल्या त्यात बरी बातमी. ९.९ टक्के हा आकडा तुमचा नाही. २०२५ च्या विधेयक ५८१३ ने करपात्र नफ्याच्या दहा लाख डॉलरच्या वरच्या भागावर दर वाढवला. त्याखाली पूर्वीचाच ७ टक्के. गव्हर्नर फर्ग्युसन यांनी सही मेमध्ये केली आणि लागू जानेवारीपासून, ही मागची तारीख तुम्हाला खटकली. खटकायला हरकत नाही, पण त्याच वर्षातली एवढी मागे जाणारी तारीख कोर्टात सहसा टिकते आणि तुम्हाला ती शिवतही नाही.

तुमच्या ब्रोकरच्या कागदांवरून: ६,१०,००० डॉलरचे शेअर्स विकले. ते हातात पडले (व्हेस्ट झाले) त्या दिवशीची किंमत २,१५,०००. ती पगार म्हणून आधीच करात गेली आहे. नफा ३,९५,०००. यातले ३५,००० वर्षाच्या आत विकलेल्या शेअर्सचे, राज्याचा हा कर त्यांना लागत नाही. वर्ष मोजायचं ते व्हेस्टच्या तारखेपासून. कंपनीने कबूल केलेल्या तारखेपासून नाही, इथे पुष्कळ जण चुकतात. उरले ३,६०,०००. बायकोने भारतातले जुने शेअर्स विकले, त्याचे २२,०००. भारतातले म्हणून सुटका नाही. शेअर्स मालकाच्या कायम निवासामागे चालतात, आणि तुमचा निवास इथे. पुण्याचा फ्लॅट विकला असतात तर तो यात आला नसता, स्थावर मालमत्ता वगळलेली आहे. एकूण ३,८२,०००. २०२५ ची वजावट २,७८,०००, आणि ती नवरा-बायको मिळून एकच. दोघांना वेगवेगळी धरायची युक्ती चालत नाही. राहिले १,०४,०००. सात टक्क्यांनी ७,२८० डॉलर.

मात्र ब्रोकरच्या १०९९-बी फॉर्मवर (शेअर्स विक्रीचा हिशेब त्यावर असतो) खरेदी किंमत कोरी किंवा शून्य आहे का, ते बघा. असेल तर पगारात कर भरलेल्या २,१५,००० वर पुन्हा कर बसेल. पोर्टफोलिओत वर्षाहून जुने, तोट्यात असलेले शेअर्स असतील तर ३१ डिसेंबर २०२५ च्या आत विकून हा नफा कमी करता येतो. तेच शेअर्स तीस दिवसांत परत घेतलेत तर तोटा धरला जात नाही. राज्याचं विवरणपत्र १५ एप्रिल २०२६ पर्यंत ऑनलाइन, केंद्राच्या विवरणपत्राच्या प्रतीसह. केंद्राकडून मुदतवाढ घेतलीत तर कागदांना मुदत मिळते, पैशांना नाही. आणि हा कर उडेल या आशेवर थांबू नका: मार्च २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला, नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द करण्याचा उपक्रम २१०९ लोकांनीच फेटाळला. दादांनाही जाता जाता सांगा, त्यांना शेअर्स विकायचेच असतील तर बिऱ्हाड खरोखर हलल्यावर विकावेत. ॲरिझोनाचा उत्पन्नकर सरसकट २.५ टक्के आहे.

काडतुसांवरचा कर म्हणजे विधेयक १३८६. २०२५ च्या अधिवेशनात ते संमत झालं नाही, पण मेलंही नाही. इथलं विधिमंडळ दोन वर्षांच्या चक्रात चालतं, विषम वर्षात अडकलेलं विधेयक सम वर्षात पुन्हा पटलावर येऊ शकतं. त्यानंतरचं साठ दिवसांचं अधिवेशन १२ जानेवारी २०२६ ला सुरू झालं.

त्यावरून तुमचा शेवटचा प्रश्न. बाईंना अवश्य लिहा. तुम्ही त्यांचे मतदार नाही, पण त्यांच्या मतदारसंघातले रहिवासी आहात, तिथे कर भरता. विधेयकाच्या पानावर बाजूने किंवा विरोधात मत नोंदवता येतं, समितीपुढे घरून व्हिडिओवर बोलताही येतं. नागरिकत्व कुणी विचारत नाही. पत्रात रायफलीचा किस्सा मात्र लिहू नका. लोकप्रतिनिधीला पाठवलेला मेल माहितीच्या अर्जावर बाहेर येऊ शकतो. आणि ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर 'मतदार म्हणून नोंदणी करायची का' असं विचारलं तर स्पष्ट 'नाही' म्हणा, पावतीवर काय छापलंय ते तिथेच वाचा. क्लार्कने चुकून नाव टाकलं असेल तर नंतर नागरिकत्वाच्या मुलाखतीत ती चूक कुणाची हे तुम्हालाच सांगत बसावं लागतं.

दादांचं सामान कधी निघतंय ती तारीख कळवा. पेटी त्यांच्या ट्रकमध्ये चढली की मला एक ओळ टाका.