नोकरी सांभाळून घरच्या मांजरांची चित्रं काढायला वेळ कसा मिळतो?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही राज्य सरकारच्या कचेरीत लिपिक आहात, घरी दोन मांजरं आहेत, त्यांची चित्रं काढावीशी वाटतात, पण संध्याकाळी घरी आल्यावर जीव उरत नाही. आणि जमलीच तर ती विकावीत का, असंही विचारलंय. मी हर्णैला राहते, दापोलीत एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. चौदा वर्षं दोन्ही करतेय, म्हणून लिहिते.

संध्याकाळचा नाद सोडा, पहाटे उठा. मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जास्त हालचाल करतात. मी साडेपाचला चहा घेऊन पडवीत पाटावर बसते, सव्वासहाला उठते. तेवढ्या वेळात चित्र पुरं होत नाही आणि ते करायचंही नाही. एका कागदावर पाच-सहा आकृत्या अर्धवट ठेवायच्या. मांजर हललं की पुढच्या आकृतीकडे वळायचं. त्यांच्या बसायच्या जागा आणि तऱ्हा ठरलेल्या असतात, त्यामुळे आज पाठीची रेघ राहिली तर उद्या तीच पाठ त्याच पायरीवर परत मिळते. परतीच्या एसटीत मी रद्द झालेल्या स्लिपांच्या कोऱ्या बाजूवर, सकाळी पाहिलेलं आठवून बॉलपेनने काढते. खरा हात तिथे तयार झाला.

पहिली दोन वर्षं माझी मांजरं लाकडी चौरंगाला पाय लावल्यासारखी दिसायची. मग कळलं की मांजराचं गळ्याचं हाड दुसऱ्या कुठल्याही हाडाला जोडलेलं नसतं, स्नायूंतच असतं. म्हणून दबा धरून चालताना खांद्याची पाती पाठीच्या कण्याच्याही वर येतात, आलटून पालटून. हे मी रविवारी बंदरावर नीट पाहिलं. संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाला टोपल्यांमधून वाट काढत जाणारी मांजरं पोट वाळूला टेकवून चालतात, आणि वर येतात ते फक्त खांदे. उन्हात रेघेएवढ्या असलेल्या डोळ्यांतल्या बाहुल्या सूर्य सुवर्णदुर्गामागे जाईपर्यंत गोल होतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात. तेव्हा हीच मांजरं रोडावून घराघरांच्या मागच्या दारी येतात. तेही काढा. बरगड्या दिसणारं मांजर काढताना हात आपोआप हळू होतो.

आपल्याकडचा पाऊस मात्र लक्षात ठेवा. कागद सादळला की त्याची खळ, म्हणजे रंग लगेच शोषू न देणारा लेप, जाते आणि जलरंग डागाडागांनी आत शिरतो. माझे ३०० जीएसएमचे जाड, महागाचे कागद एका श्रावणात असे गेले, वर बुरशीचे ठिपके. आता कागद घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. पावसाळाभर फक्त शाईच्या रेघा, रंग दसऱ्यानंतर.

विकण्याबद्दल. तुम्ही आधी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ वाचा. धंदा करायला पूर्वपरवानगी लागते, अधूनमधून केलेल्या कलाविषयक कामाला सवलत आहे. नेमानं विकणार असाल तर कार्यालयाला लेखी विचारूनच ठेवा.

पण मला त्याहून वेगळं सांगायचंय. एका वर्षी मी फोटोंवरून मांजरं काढून द्यायच्या ऑर्डरी घेतल्या. लोक प्रेमानं मागायचे, नाही म्हणवत नव्हतं. एका ताईंना तीन रंगांचा बोका हवा होता. त्यांना समजावून सांगितलं की तांबड्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, त्यामुळे तीनरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. त्यांनी घरी जाऊन पाहिलं आणि बोक्याची ‘बाळी’ झाली. असे दिवस छान होते. पण पहाटेचा तो पाऊण तास सगळा फोटोंना गेला. आमची सुकटी, घरात आली तेव्हा नुसती सुकटीची काडी होती म्हणून सासूबाईंनी ठेवलेलं नाव, अकरा वर्षं आमच्याकडे होती. तिचं ते शेवटचं वर्ष होतं. त्या वर्षातलं तिचं एकही चित्र माझ्याकडे नाही. आधीच्या दहा वर्षांच्या वह्या भरलेल्या आहेत. म्हातारी सुकटी, कानाच्या टोकांवरचे केस पांढरे झालेली, ती नाही.

तेव्हापासून ऑर्डरी बंद. पोस्टकार्डाएवढ्या छापील प्रती दिवाळीत विकते, त्यातून कागद आणि शाई निघते. घर पगारावर चालतं, म्हणून कुणाला नाही म्हणताना पोटात गोळा येत नाही. नोकरीकडे तुम्ही अडचण म्हणून पाहताय. मला ती या एका गोष्टीसाठी फार मोलाची वाटते.

सध्या मोरी गाभण आहे. करडी, मोरी माशासारखीच सडसडीत, म्हणून ते नाव. मांजराचे दिवस साधारण ६३ ते ६५, म्हणजे अजून तीनेक आठवडे. पिल्लांचे डोळे आठव्या-दहाव्या दिवशी उघडू लागतात, आणि तेव्हा ते सगळ्यांचेच निळे असतात. त्यासाठी मी दोन किरकोळ रजा राखून ठेवल्यात.