वडिलांना मेन-१ (पॅराथायरॉइड, स्वादुपिंड, पिट्युटरी अशा ग्रंथींत गाठी होणारा आनुवंशिक आजार) निघालंय, गळ्यातल्या ग्रंथींचं ऑपरेशन ठरलंय. मी आणि फोंड्याला दिलेली बहीण, आम्ही दोघं, म्हणजे एकाला होणार ना? आम्हा भावंडांनीही तपासणी करून घ्यावी का?

घ्या. आणि फोंड्याच्या बहिणीलाही सांगा. ती सासरी गेली म्हणून हे माहेरीच राहत नाही.

मी डिचोलीचा, मला स्वतःला मेन-१ आहे. तिशीच्या आत तीनदा मुतखडा झाला. दर वेळी ‘गोव्याची हवा, घाम फार, पाणी प्या’ म्हणून बोळवण. आईने कुळथाचं कढण पाजून पाजून जीव नकोसा केला. रक्तातलं कॅल्शियम मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मोजलं तेव्हा ११.८ निघालं, साडेदहाच्या आसपास असलं तरी डॉक्टर भुवया उंचावतात. गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. माझ्या चारही फुगल्या होत्या आणि हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात ओतत होत्या. साडेतीन काढल्या.

वडिलांचं तेच ऑपरेशन ठरलंय म्हणता, तर एक लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी माझ्या ओठांभोवती मुंग्या आल्या, चहाचा कप धरायला गेलो तर बोटं आखडली. कॅल्शियम एकदम उतरलं की असं होतं. घाबरू नका, पण नर्सला लगेच सांगा.

‘आम्ही दोघं, म्हणजे एकाला होणार’ हे तुमचं गणित मात्र चुकलंय. पन्नास टक्के प्रत्येकाचे वेगळे. चिठ्ठी दर वेळी नव्याने टाकली जाते. दोघांनाही लागू शकते, दोघंही सुटू शकता. आधी वडिलांच्या जनुकातला नेमका बिघाड शोधायचा. हा जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतो, १९९७ साली सापडला. तो रिपोर्ट हातात आला की तुमच्या रक्तात तेवढीच एक जागा बघतात. तिथे बिघाड नसेल तर विषय संपला, दरवर्षीच्या तपासण्याही नकोत. असेल तर कॅल्शियम, पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन), प्रोलॅक्टिन (मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन) वर्षाला एकदा, शिवाय डॉक्टर सांगतील तेव्हा पोटाचं आणि डोक्याचं स्कॅन. गळ्यातल्या गाठी बहुतेक साध्याच असतात. खरं लक्ष स्वादुपिंडावर ठेवायचं, तिथल्या कधीकधी कॅन्सरच्या निघतात. वडिलांना जुना अल्सर किंवा न हटणारी ॲसिडिटी असेल तर तेही सांगा, त्याचं मूळ अशा गाठीत असू शकतं.

बहिणीचा रिपोर्ट तिच्याच हातात द्या, सासूच्या नव्हे.

बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जाताना जुने सगळे कागद न्या. पडलेला खडा ठेवला असेल तर तोही. मी माझा फेकला होता आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा तोच मागितला.