अहवालात औषध लागू, तरी दगडी परत का?

प्रश्न: आमच्या गाईच्या मागच्या डाव्या सडाला वारंवार दगडी (कासेची सूज) होते. दूध तपासल्यावर त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू निघाला. त्याच्यात 'ब्लाझेड' आणि 'आयसीए' ही जनुके आहेत, पेनिसिलीन लागू नाही, क्लॉक्सासिलीन लागू आहे, असे अहवालात लिहिले आहे. म्हणून क्लॉक्सासिलीनच सडात सोडले. सूज उतरली, दूध साफ झाले, पण महिन्याभरात पुन्हा गाठी. तपासणी चुकली का? याहून जबर औषध द्यावे का?

उत्तर: तपासणी चुकलेली नाही. तुमच्या अहवालातली दोन जनुके दोन वेगळी कामे करतात, ती आधी समजून घ्या.

ब्लाझेडमुळे जंतू पेनिसिलीन तोडणारे विकर तयार करतो. क्लॉक्सासिलीन त्या विकराला पुरून उरते. 'मेकए' जनुक असते तर गोष्ट वेगळी होती. त्यात औषध ज्या प्रथिनाला चिकटते तेच बदललेले असते, म्हणून क्लॉक्सासिलीनही निकामी ठरते. ते तुमच्या अहवालात नाही.

खरी अडचण आयसीएची आहे. हे जनुक औषध तोडत नाही, ते रोग टिकवते. त्याच्यामुळे जंतू एकमेकांना धरून चिकट थर तयार करतात आणि त्या थराआड बसतात. शिवाय हा जंतू कासेच्या पेशींमध्येही शिरतो, तिथे बारीक गळवे धरतात. प्रयोगशाळेत औषध लावून पाहिले ते मोकळ्या, वाढत्या जंतूंवर. कासेत ते दडून बसलेले असतात आणि औषध पुरेशा प्रमाणात त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. अहवाल खरा आणि अपयशही खरे, ते असे.

म्हणून जबर औषधाचा आग्रह धरू नका, हे मी कळकळीने सांगतो. दडलेल्या जंतूला ते तितकेच लांब राहते आणि गाईच्या अंगातल्या इतर जंतूंमधून मात्र प्रतिकार करणारे निवडून वाढतात. प्रतिकाराची जनुके बऱ्याचदा प्लास्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यांवर असतात, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात. माणसांच्या आजारात शेवटी हाताशी ठेवायची औषधे गोठ्यात खर्च करणे मला मान्य नाही.

मागचा सड, ब्लाझेड असलेला जंतू आणि जुनाट दुखणे, या तिन्ही गोष्टी बरे होण्याची शक्यता कमी करतात. गाय जास्त वेतांची असेल तर आणखी. पहिल्या-दुसऱ्या वेताची असेल तर ती आटवताना डॉक्टरांच्या सल्ल्याने लांब मुदतीचे औषध सडात सोडून पाहावे, भाकड काळात यश जास्त येते. तोवर तिची धार सगळ्यांत शेवटी काढा, प्रत्येक धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा. गाय वयस्क असून कासेत कडक गाठी राहिल्या असतील तर तो सड कायमचा आटवणे किंवा गाय कळपातून वेगळी करणे, हेच मी सुचवेन.

एकदा दूध तपासून जंतू आढळला नाही, तर गाय बरी झाली असे धरू नका. हा जंतू दुधात सलग येत नाही. काही दिवसांच्या अंतराने पुन्हा नमुना पाठवा, आणि तोही औषध सुरू करण्याआधीच घ्या.