फ्रान्समधलं मृत्युपत्र आणि नाशिकचे वारस

प्रश्न : माझे काका ल्यों शहरात राहतात, पासपोर्ट मात्र भारतीयच आहे. काकू हयात नाहीत. दोन्ही मुलं फ्रेंच नागरिक आहेत. मृत्युपत्राने मला ५०,००० युरो द्यावेत अशी काकांची इच्छा आहे. ‘पैसा मी कमावला, कुणाला द्यायचा ते मी ठरवणार,’ असं ते म्हणतात. दिवाळीत ते नाशिकला आले की इथल्या वकिलांकडून मृत्युपत्र करून घेतलं तर चालेल का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : नाशिकमध्ये दोन साक्षीदारांसमोर केलेलं मृत्युपत्र फ्रान्समध्ये स्वरूपापुरतं ग्राह्य धरलं जातं. खरी अडचण मजकुराची आहे. स्वकष्टार्जित मालमत्ता हवी त्याला देण्याची मोकळीक आपल्याकडे आहे. फ्रान्समध्ये मुलांचा हिस्सा कायद्यानेच राखीव असतो. एक मूल असेल तर निम्मा, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश. उरलेलंच मृत्युपत्राने देता येतं. काकांच्या हाती म्हणजे एक तृतीयांश.

भारतीय नागरिक म्हणून काका मृत्युपत्रात भारतीय कायदा निवडू शकतात. युरोपीय नियमानुसार १७ ऑगस्ट २०१५ पासून तशी मुभा आहे. पण त्या भरवशावर राहू नका. १ नोव्हेंबर २०२१ पासून फ्रान्सने नवी तरतूद लागू केली आहे. मृत व्यक्ती किंवा तिचं एखादं मूल युरोपीय संघाचं नागरिक असेल वा तिथे राहत असेल, आणि निवडलेल्या कायद्यात मुलांना राखीव हिस्साच नसेल, तर मुलं तो फ्रान्समधल्या मालमत्तेतून वसूल करू शकतात. म्हणून काकांनी रक्कम एक तृतीयांशात बसवणं हाच पक्का मार्ग.

हिशोब करताना एक गोष्ट हमखास राहून जाते. हयातीत दिलेल्या भेटीही बेरजेत येतात. समजा, कर्ज वजा जाता मागे ३,००,००० युरो राहिले आणि मुलाला पूर्वी त्याच्या हिश्श्याव्यतिरिक्त ९०,००० दिले होते. बेरीज ३,९०,०००, तृतीयांश १,३०,०००. त्यातून आधी ती भेट वजा होते, उरतात ४०,०००. मुलांनी हरकत घेतली तर तुमचे ५०,००० तेवढ्यावर येतील.

मग कर. पुतण्याला फक्त ७,९६७ युरोंची सूट आहे, वरच्या रकमेवर ५५ टक्के. म्हणजे ५०,००० मधले सुमारे २६,८८० तुमच्या हाती. काकांना पूर्ण रक्कम पोहोचवायची असेल, तर ‘कर माझ्या मालमत्तेतून भरावा’ हे वाक्य मृत्युपत्रात हवंच.

आमच्या मते काकांनी ल्योंमध्येच स्वहस्ताक्षरात मृत्युपत्र लिहावं. साक्षीदार लागत नाहीत, मराठीतही चालतं. सगळा मजकूर, तारीख, सही स्वतःच्या हाताची हवी; टाइप करून खाली सही केली तर या प्रकारात ते रद्दच ठरतं. मग ते नोतेरकडे ठेवून केंद्रीय नोंदवहीत नोंदवावं, नाहीतर कपाटातला कागद कुणाला सापडतच नाही. नोतेर म्हणजे वारसाहक्काचं काम पाहणारा सरकारनियुक्त कायदेतज्ज्ञ. आपल्याकडच्या नोटरीपेक्षा त्याचं काम फार मोठं असतं.

काकांच्या पश्चात रक्कम आपोआप खात्यात येत नाही. ती तुम्हाला मुलांकडे रीतसर मागावी लागेल. मृत्यू फ्रान्समध्ये झाला तर करविवरण सहा महिन्यांत द्यायचं. उशीर झाला की दरमहा ०.२० टक्के व्याज. मुलांशी आजच मोकळेपणाने बोलून ठेवा, पुढचं निम्मं काम त्याने सोपं होतं.

प्रश्न : मावशी पॅरिसला असते, वय ६६. नवरा, मूलबाळ, आईवडील कुणीच नाही. तिला सगळं मला द्यायचं आहे. ५५ टक्के कर टाळता येईल का?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : राखीव वारस नसल्याने मावशी सगळंच तुमच्या नावे लिहू शकतात. मृत्युपत्राने मिळालेल्यावर भाचीलाही ५५ टक्केच कर. मात्र सत्तरीच्या आत आयुर्विम्यात भरलेल्या हप्त्यांपोटी मिळणाऱ्या रकमेत प्रत्येक लाभार्थ्याला १,५२,५०० युरोंपर्यंत कर नाही, त्यापुढे २० टक्क्यांपासून. सत्तरीनंतर भरलेल्या हप्त्यांवर सगळ्या लाभार्थ्यांत मिळून फक्त ३०,५०० ची सूट. त्यामुळे हे याच चार वर्षांत करा, आणि लाभार्थी म्हणून नुसतं ‘माझी भाची’ न लिहिता पासपोर्टवरचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख लिहायला सांगा.