वाचकांचे प्रश्न: अल्ट्रासाऊंडचा शेक आणि हाडातली गाठ

प्रश्न: आईचे वय 58. स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन सहा वर्षांपूर्वी झाले. महिनाभर कंबर दुखते आहे, फिजिओथेरपीत दहा दिवस अल्ट्रासाऊंडचा शेक सुचवला आहे. द्यावा का? – वाचक, राजारामपुरी

उत्तर: कंबर कशामुळे दुखते हे कळेपर्यंत देऊ नका. स्तनाचा कॅन्सर उलटला तर हाडांत, त्यातही मणक्यात जाण्याची शक्यता मोठी असते, आणि सहा वर्षे हा काळ निर्धास्त होण्याइतका मोठा नाही.

शेकाच्या मशीनमधून 1 किंवा 3 मेगाहर्ट्झच्या लहरी निघतात, ताकद साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला 0.5 ते 2 वॅट. 3 मेगाहर्ट्झच्या लहरी वरवरच्या भागातच जिरतात, 1 मेगाहर्ट्झच्या चार-पाच सेंटिमीटर खोल जातात. तिथे ऊब येते, रक्तपुरवठा वाढतो, पेशींची वाढ चेतवली जाते. लचकलेल्या स्नायूला हेच हवे असते. गाठीला नेमके हेच मिळू नये. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगात सलग लहरींचा शेक दिलेल्या गाठी, शेक न दिलेल्या गाठींपेक्षा मोठ्या झाल्या. माणसांवर असा प्रयोग करता येत नाही, म्हणून जिथे कॅन्सर आहे किंवा त्याची शंका आहे तिथे शेक द्यायचा नाही, असा नियम आहे.

दुसरा धोका वेळेचा. शेकाने चार दिवस बरे वाटते आणि तपासणी पुढे ढकलली जाते. नुसत्या एक्स-रेवरही विसंबू नका. हाडातले 30 ते 50 टक्के खनिज गेल्याशिवाय त्यात डाग दिसत नाही, म्हणून एक्स-रे साफ आला तरी दुखणे चालूच असेल तर एमआरआय करून घ्या. झोपेतून उठवणारे दुखणे, पायात अशक्तपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, यातले काही असेल तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. फिजिओथेरपिस्टला ऑपरेशनचे वर्ष, बाजू आणि रेडिएशनची जागा लिहून द्या. तोंडी सांगितलेले गर्दीत राहून जाते.

प्रश्न: मुलगा 15 वर्षांचा, तालमीत जातो. गुडघ्याच्या वर सूज आहे. वस्ताद म्हणतात मार बसलाय, मालिश आणि शेक चालू आहे. तीन आठवडे झाले. – वाचक, गंगावेस

उत्तर: दोन्ही आजच थांबवा आणि गुडघ्याचे दोन बाजूंनी एक्स-रे काढा. कुस्ती खेळणाऱ्या पोराला मार लागणारच, म्हणून तर गाठ मारावर खपून जाते. वाढीच्या वयातला हाडाचा कॅन्सर, ऑस्टिओसार्कोमा, सर्वाधिक याच जागी, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला होतो. लक्षणेही तीच: सूज, रात्रीचे दुखणे, विश्रांतीनेही न थांबणारे. मुकामार आठ-दहा दिवसांत उतरणीला लागतो. सूज तेवढीच राहिली किंवा वाढली, तर तो मार म्हणून सोडून देऊ नये. गाठ निघालीच तर सुई-तपासणी तिथेच करवा, जिथे पुढचे ऑपरेशनही होणार आहे. सुईची वाट चुकली तर पाय वाचवणारे ऑपरेशन अवघड होऊन बसते. (हाडाच्या टोकाची, उंची वाढवणारी चकती उघडी असेपर्यंत तिच्यावर शेक देताना तसाही जपूनच हात चालवतात.)

प्रश्न: मी फिजिओथेरपीची विद्यार्थिनी. हाडाजवळ शेक देताना रुग्ण 'आतून ठणकतंय' म्हणतात. चूक कुठे होते? – शाहूपुरी

उत्तर: हाड स्नायूपेक्षा लहरी कितीतरी जास्त शोषते, शिवाय हाडावरून परतलेली लहर येणाऱ्या लहरीला भिडते. हाडाचे आवरण तापले की असा ठणका बसतो. मशीनचे हेड, म्हणजे त्वचेवर फिरवायचा भाग, एका जागी थांबले असेल किंवा ताकद जास्त असेल. हेड सेकंदाला तीन-चार सेंटिमीटर वेगाने फिरवत राहा. जागा हेडच्या परिणामकारक क्षेत्राच्या, म्हणजे ज्या भागातून लहरी खरोखर निघतात त्याच्या, दुपटीहून मोठी घेऊ नका. ठणका आला की ताकद कमी करा किंवा 1:4 अशा (एक भाग चालू, चार भाग बंद) तुटक लहरी द्या. जेल कमी पडली की मधे हवा राहते आणि हवेतून लहर पुढे जवळजवळ जातच नाही. मग ताकद वाढवण्याचा मोह होतो आणि जिथे हेड नीट टेकते तिथे भाजते.

प्रश्न: अल्ट्रासाऊंडनेच गाठ जाळतात असे वाचले. मग शेक का नको? – कसबा बावडा

उत्तर: ते यंत्र वेगळे. त्यात शेकडो लहरी एका बिंदूवर एकवटतात, ताकद दर चौरस सेंटिमीटरला हजार वॅटच्या पुढे जाते आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या जागी 60 अंशांवर तापमान नेऊन पेशी मारतात. एमआरआयवर तापमान बघत हे चालते. शेकात गाठीला फक्त ऊब मिळते. हाडात पसरलेल्या कॅन्सरचे दुखणे कमी करण्यासाठी अमेरिकेत 2012 साली या गाठ जाळणाऱ्या यंत्राला परवानगी मिळाली. 2014 सालच्या चाचणीत 64 टक्के रुग्णांना आराम पडला, खोट्या उपचाराने 20 टक्क्यांना. पण ती वेदनेवरची उपाययोजना आहे, कॅन्सर त्याने बरा होत नाही. गाठ मज्जारज्जूला किंवा मोठ्या मज्जातंतूला लागून असेल तर ती करतही नाहीत.