फीडर ३५ मीटरपुढे का जात नाही?

प्रश्न : भाटघरच्या जलाशयावर रोहू-मृगळासाठी १२ फुटी फीडर रॉड वापरतो. रॉडवर कमाल ६० ग्रॅम लिहिलंय. ४० ग्रॅमचा जाळीचा फीडर (चारा भरून गळासोबत फेकायची वजनदार डबी), ०.३० मिलिमीटरची तंगुसाची लाइन. कितीही जोर लावला तरी ३५ मीटरच्या पुढे जात नाही, आणि दिशाही चुकते. नवा रॉड घ्यावा का?
— एक वाचक, भोर

उत्तर : रॉड तोच ठेवा, वजन कमी करा. ४० ग्रॅम हे रिकाम्या फीडरचं वजन. ओली शेंगदाणा पेंड आणि कोंडा दाबून भरला की २५-३० ग्रॅम सहज वाढतात. म्हणजे ६० ग्रॅमच्या रॉडवर तुम्ही ६५-७० ग्रॅम फेकताय. इतक्या ओझ्याने रॉड वाकतो, पण वेळेत सरळ होत नाही आणि सगळा जोर त्यातच मुरतो. ३० ग्रॅमचा छोटा फीडर घ्या, शक्यतो गोळीच्या आकाराचा आणि वजन पुढच्या टोकाला असलेला. एका बाजूला शिशाची पट्टी असलेला जाळीचा फीडर हवेत गिरक्या घेतो आणि वाऱ्याने भरकटतो.

जाड लाइन गाइडमध्ये, म्हणजे रॉडवरच्या कड्यांत, घासत जाते. स्पूलवर (रिळाच्या चकरीवर) ०.२२ मिलिमीटरची भरा. काठापासून दीड-दोन मिलिमीटर जागा सोडा, जास्त नको. सध्याच्या ०.३० च्या लाइनमधली ८ मीटर कापून शॉक लीडर (फेकीचा झटका सोसणारा जाड तुकडा) म्हणून पुढे जोडा. रॉडच्या दुप्पट लांबी आणि स्पूलवर पाच-सहा वेढे, एवढं पुरतं. लीडर नसेल तर जोरदार फेकीत बारीक लाइन तुटते आणि सुटलेला फीडर कुठेही जाऊन लागतो. जोडाची गाठ टिपच्या बारीक कड्यांतून सहज सरकते ना, हे हाताने ओढून पाहा.

आता हात. टिपपासून फीडर १ ते १.२ मीटर खाली लोंबू द्या. आखूड ठेवलात तर रॉड नीट वाकत नाही. फीडर मागे स्थिर होईपर्यंत थांबा, झुलत्या फीडरमुळेच दिशा चुकते. बहुतेकांचा सगळा भर उजव्या हातावर असतो. खरं काम डाव्याचं : मुठीचं टोक छातीकडे झटकन ओढा, त्याच क्षणी उजवा हात पुढे रेटा. सुरुवात सावकाश, वेग शेवटी. नजर पाण्यावर नको, पलीकडच्या झाडांच्या शेंड्यांवर ठेवा. फीडर पायापुढे आपटला तर बोट उशिरा सुटलं. उंच जाऊन जवळच पडला तर लवकर.

दर फेकीआधी टिपला लाइन गुंडाळली नाही ना, हे बघा. वरून विजेच्या तारा जात असतील तिथे बसूच नका. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते.

प्रश्न : ब्रीमसाठी (इकडचा चपटा मासा) ५० मीटरवर लाइन स्पूलच्या क्लिपमध्ये अडकवतो, म्हणजे फेक दरवेळी तिथेच थांबते. लाइन क्लिपला पोचताच फीडर तुटतो.
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : फेक गरजेपेक्षा जोरात होते आहे. फीडर पाण्याकडे झुकू लागला की रॉड उभा करा आणि झटका बसताच रॉड पुढे जाऊ द्या, म्हणजे धक्का टिप पेलेल. लाइन थेट क्लिपखाली दाबू नका. रबरबँडचा छोटा फास घालून तो क्लिपमध्ये अडकवा. मोठा मासा पळाला तर रबर सुटेल, लाइन वाचेल. अंतर मोजायला १२ फुटांवर दोन काठ्या रोवा : एका काठीपासून दुसरीपर्यंत एक वेढा धरला, तर १४ वेढे म्हणजे सुमारे ५१ मीटर.