राउटरचे चारही लॅन पोर्ट भरलेत, आता टीव्ही कुठे जोडू?

त्यासाठी नवा राउटर घेऊ नका, साधा अनमॅनेज्ड गिगाबिट स्विच (एका लॅन पोर्टचे अनेक पोर्ट करणारी छोटी डबी) पुरतो. राउटरचा एक लॅन पोर्ट मोकळा करून तिथून स्विचला केबल द्या, काढलेली केबल आणि टीव्ही स्विचमध्ये लावा, स्विचचा पॉवर अडॅप्टर लावा, झालं. सेटिंग काहीच नाही. मोजताना मात्र हमखास चूक होते. ५ पोर्टच्या स्विचमधला एक राउटरकडे जातो आणि राउटरचाही एक अडतो, म्हणजे वाढीव मिळतात ३च. म्हणून थेट ८ पोर्टचा घ्या. खोक्यावर '१०/१००/१०००' (एमबीपीएसमधले वेग) वाचूनच पैसे द्या. नुसतं '१०/१००' असेल तर २०० एमबीपीएसचं कनेक्शनही १०० च्या आत अडकतं. केबलही बघा. माझ्याकडे केबलमधल्या आठपैकी एक तार क्लिपपाशी तुटली होती, तेवढ्याने वेग १०० वर आला होता. नवी कॅट ६ प्रकारची केबल टाकल्यावर सुटलं.